न्यायासनाचा कल

राजकीय हिंसेचा निषेध सारेच करतात. शासनाची खरी परीक्षा होते ती खुन्याला शिक्षा देताना. जर्मनीच्या वायमार प्रजासत्ताकाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. १९१९ ते १९२२ या काळातील राजकीय खुनांची नोंद गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी १९२२ साली प्रसिद्ध केली. उजव्यांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांपैकी १० जणांना देहदंड झाला, उजव्यांपैकी एकालाही नाही. त्यांचे ३२६ खून तर शिक्षेविनाच राहिले. कायदा एकच होता. परंतु न्यायाधीश बहुतांशी कैसरच्या राजवटीत घडलेले. राष्ट्राच्या नावाने झाडलेली गोळी त्यांना देशप्रेमाचा अतिरेक वाटे, कामगाराच्या हातची बंदूक मात्र राजद्रोह. १९२३ च्या म्युनिच उठावाबद्दल हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली. १९२४ च्या डिसेंबरात तो सुटला आणि १९३३ साली चॅन्सेलर झाला. म्हणूनच कठोर कायद्याची मागणी करण्यापूर्वी तो कोण राबवणार, हे विचारणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते. मात्र आपल्या पक्षाच्या खुन्यालाही तोच दंड मागण्याची तयारी नसेल, तर न्यायासनाच्या पक्षपाताविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार आपणही गमावून बसू.