पसंतीक्रमातला तळाचा रकाना

राज्यसेवेची सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागली की लोकसेवा आयोग उमेदवारांकडून पदांचा पसंतीक्रम मागवतो. वरच्या रकान्यात काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक राज्यकर आयुक्त, गटविकास अधिकारी अशी ती उतरंड असते. बालविकास प्रकल्प अधिकारी आणि महिला व बाल विकासातील जिल्हा पातळीवरची पदे बहुतेकांच्या यादीत तळाशी जातात. चार गुण कमी पडले म्हणून तिथे आलेला उमेदवार रुजू होतो आणि पुढच्या पूर्वपरीक्षेचा अभ्यास सुरू करतो. यात त्याचा दोष नाही, त्याचे ध्येय आधीच ठरलेले असते. पण तो वर सरकला की त्याच्या खुर्चीचा कार्यभार शेजारच्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणून जातो आणि पर्यवेक्षिका नव्या साहेबांना त्याच वस्त्या पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागतात.

आमची तक्रार वेगळी आहे. हे पद ज्यांनी पहिल्या रकान्यात लिहायला हवे, ते अर्जच करत नाहीत. आमचे बहुसंख्य वाचक त्यांतलेच आहेत. संस्थांमध्ये दहा-बारा वर्षे काढलेले समाजकार्याचे पदवीधर, बालगृहांतले परिविक्षा अधिकारी, वसतिगृहांचे गृहपाल, नागरी प्रकल्पांतल्या पर्यवेक्षिका. त्यांना विचारले तर दोन ठरावीक उत्तरे मिळतात. ‘आम्ही कार्यकर्ते, साहेबी आमच्या रक्तात नाही’ हे पहिले. ‘या वयात मुलांबरोबर कुठे परीक्षा द्यायची’ हे दुसरे. दुसऱ्याला थोडा अर्थ आहे. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 ही वयोमर्यादा बघता बघता निघून जाते. पहिल्या उत्तराचा मात्र आता समाचार घ्यायला हवा.

त्यासाठी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याकडे पाहू. पहाटे ट्रॉलर जेटीला लागतात, लिलाव सुरू होतो, बर्फाच्या गाड्या येतात आणि वस्तीतल्या कितीतरी बायका मासळी निवडायला, कोळंबी सोलायला बंदरावर हजर असतात. अंगणवाडीचे दार उघडते ते नेमके याच वेळेला. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांचा, गरोदर आणि स्तनदा मातांचा घरपोच आहार न्यायला आईनेच यावे लागते, कारण जुलै 2025 पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर तिचा चेहरा ओळखला गेल्याशिवाय पाकीट हातात पडत नाही. सेविका दारात मोबाइल घेऊन उभी आणि आई जेटीवर पाटीत मासळी भरतेय. पुढे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नेपाळ, कर्नाटकातून आलेले खलाशी गावी जातात. ज्यांच्याबरोबर बायकापोरे असतात, त्यांच्या मुलांची नावे पटावर राहतात आणि मुले गायब होतात. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुटतात तेव्हा नवी मुले येतात, त्यांचे वजन घेतलेले नसते, लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले असते.

आता या वस्तीतल्या एका तीन वर्षांच्या मुलाची जबाबदारी कोणाकोणाकडे आहे ते पाहा. मिरकरवाडा नगरपरिषदेच्या हद्दीत असल्याने त्याची अंगणवाडी नागरी प्रकल्पात मोडते आणि तिची सूत्रे नवी मुंबईच्या एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयातून हलतात. शहराची हद्द ओलांडली की अंगणवाडी जिल्हा परिषदेची होते. मूल बेवारस सापडले तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, म्हणजे पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाच्या अखत्यारीत. मोठे झाल्यावर वसतिगृह हवे असेल तर समाज कल्याण. बाप बोटीवर असेल तर मत्स्यव्यवसाय. आई मार खात असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आणि नोंदवही वेगळी. या सगळ्यांना एका मुलासाठी एका टेबलाशी बसवणे याला व्यवस्थापन म्हणतात, आणि आपले वाचक ते गेली कित्येक वर्षे अधिकाराविना, ओळखीपाळखीवर, फोन करून करत आले आहेत. अधिकारासह तेच करायची संधी आली की आपण कार्यकर्तेपणाची ढाल पुढे करतो.

इंग्लंडने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. 2000 साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळाने मेली. समाजसेवा विभाग, पोलीस, रुग्णालये या सगळ्यांना ती माहीत होती, पण उत्तरदायी कोणीच नव्हते. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालानंतर 2004 च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेला मुलांच्या सेवांसाठी एक संचालक नेमणे बंधनकारक केले. जबाबदारी एका खुर्चीत आली की त्या खुर्चीत कोण बसतो, हा प्रश्न आपोआप मोठा होतो.

आपल्याकडे या खुर्च्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा तीन आहेत आणि तिन्हींची गफलत सर्रास होते. पहिली आयोगाची. राज्यसेवेतून येणारी बहुतेक पदे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असतात. समाज कल्याणच्या काही राजपत्रित पदांची आयोग स्वतंत्र जाहिरात काढतो, तिथे अर्हता आणि अनुभवाची अट ओळीओळीने वाचावी लागते. दुसरी वाट आयुक्तालयांच्या सरळसेवेची. 2024 च्या अखेरीस एकापाठोपाठ जाहिराती आल्या. समाज कल्याणने 219 पदे काढली, त्यांत 92 महिला गृहपाल, 61 सर्वसाधारण गृहपाल आणि 39 समाज कल्याण निरीक्षक होते, वरिष्ठ निरीक्षक अवघे 5. महिला व बाल विकास आयुक्तालयाच्या 236 पदांत परिविक्षा अधिकारी 72, तर गट ब मधील संरक्षण अधिकारी फक्त 2. मुख्यसेविकांची, म्हणजे पर्यवेक्षिकांची, 102 पदे त्याच सुमारास निघाली. या आकड्यांतून शिडीचा आकार कळतो. खालच्या पायऱ्या रुंद, वरच्या अगदी अरुंद. निरीक्षक म्हणून लागलो की आपसूक वर जाऊ, या भ्रमात राहू नये. वरची परीक्षा नोकरीत राहूनच द्यावी लागते.

तिसरी वाट कंत्राटी. मिशन वात्सल्यच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याचे मानधन दरमहा 44,023 रुपये आणि त्याच्या हाताखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे 27,804 रुपये ठरवले आहे. काम जिल्ह्याचे, करार महिने मोजून, बढती नाही. तरीही व्यवस्थापनाचा लेखी अनुभव मिळवायला ही जागा वाईट नाही. फक्त तिथे किती काळ थांबायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

आतून वर येण्याचीही सोय आहे. केंद्राच्या पोषण 2.0 च्या सूचनांनुसार पर्यवेक्षिकांची निम्मी पदे किमान पाच वर्षे काम केलेल्या अंगणवाडी सेविकांमधून भरायची आहेत. सेविकांच्या बैठकांत हे मोठ्याने वाचून दाखवणारे प्रकल्प अधिकारी किती आहेत?

आता परीक्षेची भीती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांश पर्यायी उत्तरांची होती, 800 गुणांची. पाठांतर ज्याचे चांगले त्याचे फावायचे आणि बारा वर्षे वस्तीत हिंडलेल्या माणसाला त्या गोलांत स्वतःचे काही भरताच येत नसे. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली. एकूण 1,750 गुणांची लेखी आणि 275 ची मुलाखत. त्यांतला निबंध 250 चा, शासनव्यवहार व सामाजिक न्याय असलेला सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर 250 चा आणि नीतिशास्त्राचा 250 चा. मुलाखत धरून हे 1,025 गुण होतात, म्हणजे 2,025 च्या निम्म्याहून किंचित अधिक. आणि हे सगळे मराठीत लिहिता येते, बोलता येते. पाहिलेले, केलेले, निस्तरलेले काम कागदावर उतरवण्याची इतकी जागा या परीक्षेत पूर्वी नव्हती. पूर्वपरीक्षेचा उंबरठा मात्र सगळ्यांना सारखाच ओलांडावा लागतो. तिथे वर्तमानपत्र आणि क्रमिक पुस्तके यांना पर्याय नाही.

तरीही अनुभव असणे वेगळे आणि तो मांडता येणे वेगळे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अर्जांना जोडलेली अनुभव प्रमाणपत्रे वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. ‘यांनी आमच्या संस्थेत अत्यंत तळमळीने व निष्ठेने सामाजिक कार्य केले असून त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ हे निरोप समारंभाचे भाषण झाले. छाननी करणाऱ्या लिपिकाला त्यात एकही रकाना भरता येत नाही. पदनाम काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की मानसेवी, पगार की मानधन, हाताखाली किती माणसे, किती रकमेचा हिशेब, कोणत्या कायद्याखालची किंवा योजनेची जबाबदारी, हे सहा-सात तपशील नसलेले प्रमाणपत्र तळमळीने कितीही ओथंबलेले असो, बाद होऊ शकते. संस्थाचालकांनी याचे एक साधे प्रारूप करून ठेवावे. माणूस सोडून गेल्यावर पाच वर्षांनी सही मागायला येतो, तेव्हा जुनी हजेरीपत्रके सापडत नाहीत.

मुलाखतीतही हीच गत. समजा मंडळाने विचारले : ‘मिरकरवाडा बंदरातली अतिक्रमणे परवा हटवायची आहेत. तुम्ही बालविकास प्रकल्प अधिकारी आहात. उद्या काय कराल?’ प्रश्न काल्पनिक असला तरी प्रसंग तसा नाही. जानेवारी 2025 मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाने या बंदरात मोठ्या बंदोबस्तात अशी कारवाई केलेली आहे. आपल्यातला भावुक उमेदवार म्हणेल, ‘मी त्या कुटुंबांना धीर देईन, त्यांच्या पाठीशी उभा राहीन.’ सावध उमेदवार म्हणेल, ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनानुसार कार्यवाही करीन.’ पहिल्यात अधिकारी नाही आणि दुसऱ्यात माणूस नाही.

ज्याने हे काम केले आहे तो वेगळे बोलेल. कारवाईची यादी आणि नकाशा मिळवून पर्यवेक्षिकेकडच्या पटाशी ताडून पाहीन, असे तो म्हणेल. कोणाचे घर, कोणाच्या आईच्या रोजगाराची शेड त्यात येते, त्यांत सहा वर्षांखालची मुले किती, तीव्र कुपोषित किती, आठवा-नववा महिना लागलेल्या गरोदर बाया किती, हे संध्याकाळपर्यंत एका कागदावर घेईन. अंगणवाडीची खोली पाडकामाच्या टप्प्यात येत असेल तर धान्य, वजनकाटा आणि नोंदवह्या आजच हलवीन. गरम ताजा आहार एक दिवसही बंद पडू नये म्हणून जवळच्या शाळेत एक खोली मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी मागून घेईन. कारवाईच्या दिवशी आशाताई आणि सेविका जागेवर ठेवीन. वस्ती सोडून जाणाऱ्यांची नावे पटावरून काढण्यापूर्वी त्यांचे स्थलांतर पोषण ट्रॅकरवर नोंदवीन, म्हणजे पुढच्या गावच्या अंगणवाडीला ती सापडतील. पंधरा दिवसांनी सगळ्यांची वजने पुन्हा घेईन. कारवाई योग्य की अयोग्य हे ठरवणे माझ्या हातात नाही, पण तिच्यामुळे एकाही मुलाचे वजन घटले तर त्याचा जाब मलाच द्यावा लागेल.

हे उत्तर कोणत्याही शिकवणी वर्गाच्या नोट्समध्ये छापलेले नाही. ते आपल्या वाचकांच्या रोजच्या कामात आहे. अडचण एवढीच की आपण कामाचा हिशेब घरभेटी, शिबिरे आणि मेळावे यांत मांडतो, निर्णयांत मांडत नाही. कोणता पेच होता, हाती किती माणसे आणि पैसा होता, दोन वाटांपैकी कोणती का निवडली, पुढे काय झाले, चुकले तर काय सुधारले, असे एकेका प्रसंगाचे एक-एक पान आजपासून लिहायला घ्यावे. वर्षभरात अशी वीस पाने जमली तर नीतिशास्त्राच्या पेपरची निम्मी तयारी घरच्या घरीच झाली.

शासनाकडेही मागणे आहे. महिला व बाल विकास आणि सामाजिक न्याय या दोन विभागांच्या व्यवस्थापकीय पदांसाठी क्षेत्रकामाच्या अनुभवाला काही ठरावीक वजन मिळायला हवे. निवड झालेल्या अधिकाऱ्याने नेमणुकीआधी काही महिने अंगणवाडीत, वसतिगृहात, बाल कल्याण समितीच्या कामकाजात घालवावेत. 1936 मध्ये मुंबईत टाटांची समाजकार्याची संस्था उभी राहिली, 1963 मध्ये पुण्यात कर्वे संस्था. इतक्या वर्षांत तयार झालेले हजारो प्रशिक्षित पदवीधर या राज्यात असताना त्यांच्या विद्येचा भरतीच्या नियमांत पुसटसाच उल्लेख असावा, हे पटण्यासारखे नाही. मात्र नियम बदलेपर्यंत वाट पाहत बसणाऱ्यांचे वय थांबणार नाही.

शेवटी, जे वाचक आधीच अधिकारी आहेत त्यांच्यासाठी. शासकीय सेवेतल्या उमेदवाराला अर्जासाठी किंवा कागदपत्र पडताळणीसाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि ते वेळेत न मिळाल्याने हुकलेल्या संधी आमच्या कानावर सतत येतात. ‘ती गेली तर काम कोण करणार’ हे कारण पुढे करून चांगल्या पर्यवेक्षिकेला अडवणे ही तिच्या चांगुलपणाची शिक्षा आहे. असा एखादा अर्ज आपल्या टेबलावर पडून असेल, तर मुदत संपायच्या आत त्यावर सही करा आणि तिला सांगा, बाई, अभ्यासाला लागा.