माजाचें इंजेक्शन व गर्भाशयाची तयारी

गाय वेळेवर माजावर आली नाहीं, कीं दुकानांतून औषध आणावें व गांवांतल्याच कोणाकडून टोचून घ्यावें, ही चाल आमच्या शेतकरी बंधूंत बरीच बोकाळली आहे. ती घातक आहे असें आमचें स्पष्ट मत असून त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लालबागेंत बसून गाईंविषयीं लिहिणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु येथून जवळच परळास १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजननविषयक राष्ट्रीय संस्थाही तेथेंच आहे. एका ठिकाणीं जनावरांचा व दुसऱ्या ठिकाणीं माणसांचा विचार होतो. तरी गर्भाशय केव्हां तयार होतो, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच.

ज्या द्रव्यामुळें गाय माजावर येते तें इस्ट्रोजेन. तें अंडाशयांतून निघून रक्ताबरोबर अंगभर फिरतें. मग परिणाम गर्भाशयावरच एवढा कां? अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठांत एल्वुड जेन्सन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत, किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केलेलें इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांस टोचून हें पाहिलें. इतर अवयवांतून तें लवकर निघून गेलें, गर्भाशयानें मात्र धरून ठेविलें. धरून ठेवणारें पेशींतील प्रथिन म्हणजेच ग्राही. ग्राही नसेल तर रक्तांत इस्ट्रोजेन कितीही असो, पेशीस त्याची वार्ताच नाहीं.

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. ग्राहींची संख्या कायम नसते. ती बऱ्याच अंशीं इस्ट्रोजेनच ठरवितें. माजाच्या सुमारास तें गर्भाशयांत स्वतःचे ग्राही वाढवितें, आणि त्याबरोबर प्रोजेस्टेरोन ह्या दुसऱ्या द्रव्याचेही ग्राही तयार करवितें. म्हणजे मागून येणाऱ्याची बैठक आधींच मांडून ठेवितें. बीज सुटल्यावर अंडाशयांत पीतपिंड तयार होतो व त्यांतून प्रोजेस्टेरोन येऊं लागतें. तें इस्ट्रोजेनचे ग्राही कमी करितें व गर्भाशय शांत राहतो. हा अंमल दहाबारा दिवस चालला, कीं अस्तरांतील प्रोजेस्टेरोनचे ग्राहीच घटूं लागतात. मग इस्ट्रोजेनचे ग्राही पुन्हां डोकें वर काढतात, त्यांच्यामागून ऑक्सिटोसिनचे येतात, गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतो, पीतपिंड विरतो आणि सुमारें एकविसाव्या दिवशीं गाय परत माजावर येते. गाय फळली असेल तर मात्र सोळाव्या दिवसाच्या सुमारास सुतासारखा गर्भ एक प्रथिन सोडतो, व तें हे ग्राही वाढूं देत नाहीं. एवढ्याशा जिवानें सगळा व्यवहार थांबवावा, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें.

परळच्याच के. ई. एम. रुग्णालयांत १९८६ सालीं, वरील संस्थेच्या सहकार्यानें, काचेच्या पात्रांत फळविलेल्या बीजापासून मूल जन्मास आलें. तेथेंही पात्रांतलें काम अर्धेंच. गर्भाशयाचें अस्तर नेमक्या दिवशीं तयार असणें हें दुसरें अर्धें.

दुकानांतली सुई ह्या क्रमांत कोठें पडते, हें टोचणारास ठाऊक नसतें. प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड विरवितें. पीतपिंड नसेल तर तें व्यर्थ, आणि गाय गाभण असेल तर गर्भ पडतो. रानांत वळूनें गाय फळविलेली असते, मालकास पत्ता नसतो, व दोन महिन्यांनीं तोच ‘माज नाहीं’ म्हणून सुई देववितो! इस्ट्रोजेन टोचल्यास गाय माज दाखवील, पण बीज सुटेलच असें नाहीं. उलट अंडाशयांत पाण्याच्या गांठी होण्याची भीति असते. आणि जिला पोटभर वैरण नाहीं, क्षारमिश्रण नाहीं, अशा गाईचें अंडाशयच थंड पडलेलें असतें. तिला सुईनें काय व्हावें?

पशुवैद्य लांब व दुकान जवळ, ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्यानें सुटणारी नाहीं. आमच्या मंडळानें महिन्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं, पशुवैद्यास बोलावून गाईंची गर्भतपासणी करवावी व खर्च सभासदांनीं वांटून घ्यावा. सुईचा विचार त्या तपासणीनंतर. आम्हीं जन्मभर महसूल खात्यांत लेखणी चालविली, म्हणून एक गोष्ट विशेष बोंचते: सातबाऱ्यावरील एका अक्षरासाठीं कचेरीचे दहा खेटे घालणाऱ्या खातेदाराच्या गोठ्यांत, गाय माजावर केव्हां आली ही तारीख कोठेंच लिहिलेली नसते. मागील विताची, माजाची व भरविल्याची, अशा तीन तारखा प्रत्येक गाईच्या नांवापुढें असल्या, तर पशुवैद्याचें निम्में काम तो गोठ्यांत शिरण्यापूर्वींच झालेलें असेल.