तक्रारीनंतरचं अप्रेझल

‘मग तिनं तेव्हाच तक्रार का नाही केली?’ हा प्रश्न ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर हमखास निघतो. विचारणारा बहुतेक वेळा चांगला मुलगा असतो, घरी स्वयंपाकाला हात लावणारा वगैरे. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

केली होती. माझ्या टीममधल्या एका मुलीनं आमच्या लीडविरुद्ध रीतसर तक्रार केली होती. रात्री अकरानंतरचे मेसेज, स्टँडअपमध्ये तिच्या कपड्यांवरून विनोद. समिती बसली, लीडला समज दिली गेली, फाईल बंद झाली. त्यानंतर कुणीही तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त क्लायंट कॉलची आमंत्रणं तिला यायची थांबली. नवं मॉड्यूल दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि तिच्या वाट्याला जुन्या कोडमधले बग आले. वर्षअखेरीस अप्रेझलमध्ये लिहून आलं : ‘क्लायंटसमोर दिसत नाही. पुढाकार कमी.’ यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच तर गंमत.

सूझन फाउलरनं फेब्रुवारी २०१७ मध्ये उबरमधल्या आपल्या वर्षाबद्दल लिहिलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. मॅनेजरच्या मेसेजचा भाग सगळ्यांनी वाचला. मला नोकरी लागल्यावर कळला तो पुढचा भाग. एचआरनं तिला सांगितलं होतं, की याच टीममध्ये राहिलीस आणि त्यानं खराब रिव्ह्यू दिला, तर त्याला सूड म्हणता येणार नाही. तुला टीम बदलायचा पर्याय दिला होता ना! पुढे तिचा रिव्ह्यू मागाहून बदलला गेला आणि तिची बदली अडली.

आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. चौकशी चालू असताना, तिनं लेखी मागितलं तर, आरोपीला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. ती संपली की हे संरक्षणही संपतं. अप्रेझल त्यानंतर येतं, आणि लीड तोच असतो.

‘एका वर्षाचं रेटिंग, त्यात काय एवढं?’ असं म्हणणाऱ्या इंजिनिअरची मला खरंच लाज वाटते. चक्रवाढ व्याज आपण शाळेत शिकलो. दोघींचा पगार ८ लाख धरा. एकीला १२ टक्के वाढ, दुसरीला ४. फरक ६४ हजार. पुढची नऊ वर्षं दोघींना सारखीच १२ टक्के वाढ मिळाली, कुणीही कुणाचं वाकडं केलं नाही, तरी दहा वर्षांत दुसरीचे ११ लाखांच्या वर गेलेले असतात. हुकलेलं प्रमोशन यात धरलेलंच नाही. नोकरी बदलली तरी सुटका नाही, कारण नव्या ठिकाणचा एचआर आधी ‘करंट सीटीसी किती?’ विचारतो आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतो. जुन्या लीडचं मत अशा रीतीनं नव्या कंपनीत तिच्या आधी पोचतं.

ते नवं मॉड्यूल माझ्याकडे आलं होतं. का आलं, ते मला माहीत होतं. तिच्याबद्दल पीअर फीडबॅक मागितला गेला तेव्हा मी ‘मेहनती आहे, संवाद वाढवायला हवा’ असं लिहून मोकळी झाले. कुठला संवाद, तर ज्या कॉलला तिला बोलावणंच बंद झालं होतं, तिथला. ती सहा महिन्यांनी सोडून गेली.

त्यामुळे दर वर्षी होणाऱ्या त्या ट्रेनिंग व्हिडिओबद्दल मला कुणी विचारू नये. तो दुप्पट वेगानं चालवून शेवटची प्रश्नमंजुषा सगळेच पास होतात. त्यापेक्षा तक्रार करणारीच्या पुढच्या दोन वर्षांच्या रेटिंगची आणि कामवाटपाची फाईल समितीसमोर, बाहेरच्या सदस्यासह, ठेवा. लीडला तिच्या अप्रेझलमधून कायमचं बाहेर काढा, तिला टीममधून नाही. आणि टपरीवरच्या मित्रा, पुढच्या वेळी तिनं तक्रार केव्हा केली हे विचारण्याआधी, त्यानंतर तिच्याकडचं काम कुणाकडे गेलं ते विचार. कदाचित तुझ्याकडेच आलं असेल.