जादा भरतीला लगाम आपल्याच काट्यावर

सभासद बंधूंनो,

हंगाम सुरू झाला की रात्री पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी घालायची भीती वाटते, असे बाहेरगावचा पाहुणा म्हणाला की आपल्याला राग येतो. पण पाहुणा खोटं बोलत नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हात-दीड हात बाहेर आलेला आणि मागचा दिवा उसातच झाकलेला. मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसते ती अगदी अंगावर आल्यावरच. दोन हंगामांपूर्वी आमच्या शिवेवरच्या वळणावर अशीच एक ट्रॉली एक्सल तुटून अंधारात उभी होती. तिच्यावर मागून आदळून आमच्या गावचा एकोणीस वर्षांचा पोरगा गेला. त्याच्या वडिलांचा ऊस आपल्याच कारखान्याला येतो. ट्रॉलीतला ऊस कुणाचा होता ते आम्ही लिहीत नाही. तो कुणाचाही असू शकला असता.

त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. आरटीओ काय झोपा काढतात का, अशी ओरड झाली. चार दिवस नाक्यावर तपासणी झाली, लाल पट्ट्या वाटल्या, फोटो निघाले. पाचव्या दिवसापासून मागचे पाढे पंचावन्न.

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. आर.सी. बुकात भारासह जे वजन लिहिले आहे त्यापेक्षा जादा भरून गाडी रस्त्यावर आणायची नाही, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम सांगते. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा भरतीला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवायची नाही. ऊस बाजूने किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचा दंड निराळा. आणि एक गोष्ट आपण विसरतो. हा दंड नुसत्या ड्रायव्हरला नाही, तशी गाडी चालवू देणाऱ्यालाही आहे. २०१८ साली सरकारने मर्यादा वाढवूनही दिली. दहा टायरच्या ट्रकला भारासह २५ टन होते, ते साडेअठ्ठावीस केले. आम्हांला वाटले, आता तरी भरती मर्यादेत बसेल. झाले उलटेच, तेवढी जागा भरून वर आणखी दोन थर चढले.

महामार्गावर साहेबाला गाडी थांबवून तिचे वजन शोधावे लागते. आपल्या काट्यावर ते आपोआप सापडते. प्रत्येक गाडीचे भरलेले वजन आणि रिकामे वजन आपल्याच ऑफिसात रोज लिहिले जाते. कोणती गाडी किती जादा भरून आली, हे हंगामाच्या शेवटी पहिल्या खेपेपासून सांगता येईल. (काटा खरा की खोटा हा आपला जुना वाद आहे, तो इथे काढत नाही.) इतका पुरावा हातात ठेवून आपण सरकारच्या नावाने खडे फोडतो, हे आम्हांला पटत नाही.

गाडी जादा का भरली जाते, तर टोळीला टनावर, मुकादमाला टनावर, वाहतूकदाराला टनावर आणि किलोमीटरवर पैसे मिळतात म्हणून. यात कमी भरण्यात कुणाचाच फायदा नाही. आणि आपणही कमी नाही. "आता एवढ्या चार मोळ्यांसाठी दुसरी खेप कशाला, टाका वर," असे बांधावर उभे राहून आम्हीच म्हटलेले आहे.

रस्त्याचे काय होते तेही पाहा. १९५८ ते ६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवून पाहिले. एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळापट होते, असा अदमास निघाला. दहा टनांच्या जागी तेरा टन टाकले तरी झीज पावणेतीन पटींच्या पुढे जाते. मग आपल्या गावचा डांबरी रस्ता आणि ओढ्यावरची मोरी किती हंगाम टिकणार? त्याच मोरीवरून आपली पोरे शाळेला जातात.

वाहतूकदारांचे म्हणणे आम्ही ऐकले. ते म्हणतात, डिझेल, टायर, ट्रॅक्टरचा हप्ता, टोळीला दिलेली उचल, यात मापात भरले तर परवडत नाही. हे नाकारून चालणार नाही. एका ट्रकमध्ये २५ टन ऊस घालायचा त्या जागी १९ टन घातला तर शंभर टनांच्या फडाला चार खेपांऐवजी पाच-सहा खेपा होतात. हा खर्च कुठून तरी यायचाच, आणि तोडणी-वाहतूक उसाच्या दरातून कापली जाते म्हणजे तो आपल्याच खिशातून येणार. टनाला काही रुपये कमी पदरात पडतील. आम्ही ते सोसायला तयार आहोत, आणि हे लिहिताना आमचाही ऊस फडात उभा आहे हे ध्यानात घ्यावे.

संचालक मंडळाकडे आमचे मागणे असे. वाहतुकीचे करार हंगामाआधी होतात, त्यातच लिहून टाका की आर.सी. बुकापेक्षा जादा जे वजन भरेल त्या टनांचे वाहतूक बिल मिळणार नाही. शेतकऱ्याला मात्र काट्यावर आलेल्या सगळ्या उसाचा दर मिळावा. गाडी परत पाठवून ऊस वाळवत ठेवू नका, त्यात मरण आपलेच. तीनदा जादा भरून आलेल्या गाडीची नंबरवारी आठ दिवस बंद ठेवा. मापात भरणाऱ्याला परवडेल असा दर ठरवा. मागचा दिवा आणि लाल पट्टी नसलेली ट्रॉली रिकामी झाली तरी अंधार पडल्यावर यार्डाबाहेर सोडू नका. आणि हा नियम संचालकांच्या पाहुण्यांच्या गाड्यांनाही लावा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो मोडेल.

या मागणीचा अर्ज आमच्या गट ऑफिसात ठेवला आहे. वार्षिक सभेच्या आधी तो देणार आहोत. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना पटत नाही त्यांनी सभेत उभे राहून का ते सांगावे.