रॅकेटची किंमत आणि कोपराचा हिशेब

हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या मुळशीच्या पट्ट्यात राहावयास गेलेल्या व्यापारी कुटुंबांत हल्ली पॅडल या खेळाचे नाव वारंवार निघते. बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत, त्यामुळे नव्या खेळाचे या परिसराला वावडे नाही. पॅडलचा जन्म १९६९ साली मेक्सिकोतील आकापुल्को येथे झाला. वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद कोर्ट, भोवती काचेच्या भिंती, चौघांचा डाव आणि कंबरेच्या खालून केलेली सर्व्हिस, असे त्याचे स्वरूप आहे. वडील व मुलगा एका बाजूस, काका व पुतण्या दुसऱ्या बाजूस, अशी जोडी सहज जमते. पहिल्या महिन्यात कोणाचे काही अडत नाही. दुसऱ्या महिन्यात मुलगा पंचवीस हजारांच्या रॅकेटचे चित्र दाखवतो आणि घरात प्रश्न उभा राहतो.

ही रॅकेट तारांची नसते. आत फोमचा गाभा, वर काचतंतू किंवा कार्बनतंतूचे आवरण, त्यात छिद्रे आणि मनगटात अडकवावयाची सक्तीची दोरी, एवढाच सरंजाम. जुन्या टेनिस रॅकेटमध्ये जनावरांच्या आतड्याची तार असे. येथे ती अडचण नाही. मात्र तार नाही म्हणजे ती बदलून रॅकेट पुन्हा नवी करण्याची सोयही नाही. फोम दमला की रॅकेट संपली. व्यापाऱ्याच्या भाषेत ही स्थावर मालमत्ता नव्हे, घसारा लागणारा माल आहे, आणि महाग रॅकेटचा फोम स्वस्त रॅकेटच्या फोमपेक्षा अधिक वर्षे टिकतोच असे नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः कार्बनचे, वजनाच्या काटेकोर तोलाचे आणि नामवंत खेळाडूच्या नावाचे. दुकानदार ‘तीन के’, ‘बारा के’, ‘अठरा के’ असे आकडे ऐकवतो. कापडाच्या व्यवहारातील मंडळींना येथे गंमत वाटेल. सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो. येथे उलट आहे. ‘के’ म्हणजे एका जुडग्यातील हजार तंतू, म्हणून आकडा वाढला की जुडगा जाड. त्याने पृष्ठभागाचा स्पर्श बदलतो, पण मोठा आकडा म्हणजे उत्तम रॅकेट असा त्याचा अर्थ नाही.

खरा धोका पैशांपेक्षा कोपराला आहे. महागड्या रॅकेटांपैकी पुष्कळशा हिऱ्याच्या आकाराच्या, डोक्याकडे जड आणि कडक असतात. त्यांचा जोर कसलेल्या हातालाच वश होतो. चेंडू मध्यभागी न लागल्यास तो धक्का थेट मनगटातून कोपरात उतरतो. दिवसभर गादीवर किंवा संगणकापुढे बसून पन्नाशीला पोहोचलेल्या गृहस्थाने अशी रॅकेट उचलली, तर महिनाभरात फाइल उचलतानाही हात दुखू लागणे अशक्य नाही. अशा खेळाडूस गोल आकाराची, मऊ फोमची, काचतंतूची, साडेतीनशे ते तीनशे साठ ग्रॅमची रॅकेट हितावह. ती पाच-सात हजारांत मिळते.

हिशेब मांडून पाहावा. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात सुमारे शंभर डाव. सहा हजारांची रॅकेट वर्षभर चालली तर डावामागे साठ रुपये, पंचवीस हजारांची चालली तर अडीचशे. दहा-बारा हजारांचा मधला टप्पा मात्र विचारात घेण्याजोगा आहे, विशेषतः जो मुलगा सहा महिने नियमाने खेळला आहे व भिंतीवरून परतलेला चेंडू ओळखू लागला आहे त्याच्यासाठी. आधी मित्राची किंवा कोर्टावरची भाड्याची रॅकेट चार-सहा वेळा हाती घेऊन पाहिलेली बरी.

दुबईच्या पाहुण्यांकडून मागवलेली रॅकेट स्वस्त पडते हे खरे; पण तिची हमी इकडे चालेलच असे नाही, आणि भिंतीवर आपटून फुटलेली रॅकेट बहुधा कोणत्याच हमीत बसत नाही. मुळशीच्या पावसात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तडा गेलेल्या आवरणातून पाणी फोममध्ये शिरते, म्हणून ओली रॅकेट पुसून, कोरडी करूनच पिशवीत ठेवावी. उन्हाळ्यात ती बंद मोटारीच्या डिकीत ठेवणेही टाळावे. उष्णतेने फोम मऊ पडतो, आणि तेथे सहा हजार व पंचवीस हजार यांत भेद राहत नाही.