नागिणीचं वेटोळं पूर्ण झालं तर खरंच जीव जातो?

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आग होते, दोन-तीन दिवसांत तिथं पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो. नागपुरात काय, अख्ख्या विदर्भात काय, घरातली आजी डॉक्टरच्या आधी निदान करते: नागीण. सोबत सल्ला येतो, गेरू लावा. वेटोळं पूर्ण झालं तर माणूस जातो.

मुळात ही नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या देणारा व्हॅरिसेला झोस्टर हा विषाणू आपण बरे झाल्यावरही शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथं तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, किंवा केमोथेरपी, एचआयव्ही, स्टिरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेपर्यंत येतो. त्या मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. म्हणून पट्टा सहसा एकाच बाजूला थांबतो, वेटोळं पूर्ण होतच नाही. फोड अंगभर पसरले तर मात्र प्रतिकारशक्ती फार खालावल्याची शंका घ्यावी लागते आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायला हवं. (ग्रीकमध्येही 'हर्पीस'चं मूळ सरपटण्यात आहे आणि 'झोस्टर' म्हणजे कंबरपट्टा. साप तिकडच्यांनाही दिसलाच!)

मग गेरूनं लोक बरे कसे होतात? फोड दोन ते चार आठवड्यांत आपले आपणच सुकतात, श्रेय नागीण उतरवणाऱ्याला मिळतं. खरं नुकसान वेळेचं होतं. अॅसायक्लोव्हिरसारखं औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. उशीर अंगाशी येऊ शकतो: फोड गेल्यावरही काहींची वेदना महिनोन्‌महिने राहते, अंगाला नुसता कपडा लागला तरी कळ येते. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्याला धोका असतो, अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

लस आहे. शिंग्रिक्स २०२३ मध्ये भारतात आली, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. पण ती सरकारी लसीकरणात नाही आणि किंमत हजारोंत आहे. ज्या वयात नागीण जास्त होते, त्याच वयात बहुतेकांची कमाई थांबलेली असते, हा पेच सरकारनंच सोडवायचा आहे.

२०२५ मध्ये 'नेचर'मध्ये वेल्समधला एक अभ्यास आला. तिथं २०१३ मध्ये २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारीख धरून लसीची पात्रता ठरली होती. त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांची तुलना केली, तेव्हा लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्के कमी आढळला. मात्र ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती. शिंग्रिक्स वेगळी आहे. त्यामुळे 'नागिणीची लस घ्या, विसरभोळेपणा टाळा' असा फॉरवर्ड आला तर सध्या पुढे ढकलू नका.