आरोग्य-विचार : रक्षकांचा कोप
विषाणुजन्य ज्वरांत रोगी दगावतो तो कित्येकदां केवळ विषाणूमुळें नव्हे, तर देहाच्या रक्षक पेशींच्या अनावर कोपामुळें. शत्रु हटत आला तरी त्या दाह पसरवीत राहतात व फुप्फुसें निकामी होतात. कोरोनाच्या सांथींत हें विशेषच दिसलें.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं २०२० सालीं ‘रिकव्हरी’ नामक प्रयोगांत डेक्सामेथासोन हें जुनें, स्वस्त औषध योजिलें. श्वसनयंत्रावरील रोग्यांतील मृत्यु शेंकडा ४१ वरून २९ वर आले. ज्यांस प्राणवायु लागत नव्हता त्यांस मात्र लाभ झाला नाहीं. २०२१ सालीं टोसिलिझुमाबचाही उपयोग दिसून आला. ‘इंटरल्यूकिन-६’ नांवाचा दाहाचा निरोप्या पेशीच्या ज्या दारावर थाप मारतो, नेमकें तेंच दार हें औषध बंद करतें.

तात्पर्य, दाह हा वेळीं रक्षक, अवेळीं भक्षक. तो केव्हां आंवरावा हें डॉक्टरांनींच ठरवावें. घरांत कोणास ताप येतांच शेजारच्यांकडील उरलेल्या गोळ्या देण्याचा मोह वडीलधाऱ्यांनीं कटाक्षानें टाळावा. आरंभीं विषाणूशीं झुंजत असतात ते हेच रक्षक. त्यांचेच हात बांधूं नयेत.